दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व राहतं का? मुंबईतल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी धाकटी बहीण टोरांटोला असते. तिने कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा इथे दिवेलागणीची वेळ होती. गिरगावच्या घरी आम्ही सगळे फोनच्या एवढ्याशा पडद्यापुढे दाटीवाटीने बसलो होतो आणि आईने पेढ्यांचा बॉक्स उघडून ठेवला होता. शपथ झाली, टाळ्या झाल्या, आणि बाबांनी विचारलं, "मग आता हिच्या आपल्या पासपोर्टचं काय?" कुणालाच नीट सांगता येईना. त्या एका प्रश्नापायी पुढे बरीच धावपळ झाली, कायदा वाचावा लागला, चुकाही झाल्या. आता शेजारपाजारचे, नात्यातले, नात्यातल्यांच्या ओळखीचे लोक हेच प्रश्न घेऊन येतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

भारतात दुहेरी नागरिकत्व आहे का?

नाही. थोडंसंही नाही, अर्धंमुर्धंही नाही. राज्यघटनेच्या कलम ९ मध्येच ते लिहिलेलं आहे: स्वेच्छेने परदेशाचं नागरिकत्व घेतलेली व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही. घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला, पण नागरिकत्वाची कलमं २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अमलात होती. फाळणी होऊन दोन वर्षं झाली होती, लाखो माणसं सीमा ओलांडत होती आणि कोण कुठला हे ठरवणं थांबण्यासारखं नव्हतं. पुढे १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. योगायोगाने त्यातही कलम ९ हेच आहे आणि तेही हेच सांगतं.

पण अमेरिका, कॅनडा, इंग्लंड यांना तर दोन पासपोर्ट चालतात ना?

त्यांना चालतात. आपल्याला चालत नाहीत. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

दोन देशांचं नागरिकत्व टिकायला दोन्ही देशांच्या कायद्यांची परवानगी लागते. कॅनडाने १९७७ पासून मोकळीक दिली आहे, ऑस्ट्रेलियाने एप्रिल २००२ पासून. अमेरिकेच्या शपथेत जुन्या देशाशी असलेली निष्ठा सोडल्याचं वाक्य आहे, तरी प्रत्यक्षात अमेरिका तुमचा दुसरा पासपोर्ट काढून घेत नाही. जर्मनीने २७ जून २०२४ पासून कायदा बदलला. तेव्हा पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत "आता जर्मनीत दोन्ही ठेवता येतात" असे मेसेज फिरले. जर्मनीच्या बाजूने ते खरंच आहे. तुर्कस्तानच्या किंवा अमेरिकेच्या माणसाला त्याचा उपयोग होतो. आपल्या माणसाचं भारतीय नागरिकत्व मात्र भारताच्या कायद्याने जातं, जर्मनीने कितीही मन मोठं केलं तरी.

सिंगापूर आणि जपान त्यांच्या बाजूनेही मूळ नागरिकत्व सोडायला लावतात. तिथे प्रश्नच उरत नाही.

भारतीय नागरिकत्व नेमकं कधी जातं? पासपोर्ट परत केल्यावर?

नाही, त्याआधीच. परदेशाचं नागरिकत्व मिळालं त्या क्षणी, म्हणजे बहुतेक देशांत शपथ घेतली त्या दिवशी. त्यासाठी अर्ज, सही, नोटीस काहीच लागत नाही. कपाटातल्या निळ्या पासपोर्टवर २०३१ पर्यंतची मुदत छापलेली असेल, पण शपथेनंतर ते पुस्तक फक्त कागद असतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व कलम ९ नुसार आपोआप संपतं. कलम ८ नुसार रीतसर घोषणा करून स्वतःहून त्याग करणं ही वेगळी गोष्ट. हा फरक मुलांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. कलम ८ खाली त्याग केलेल्यांच्या मुलांना सज्ञान झाल्यावर एका वर्षात घोषणा करून भारतीय नागरिकत्व परत घेता येतं. आईवडिलांचं नागरिकत्व कलम ९ खाली गेलं असेल, तर मुलांना ती वाट मिळत नाही.

ग्रीन कार्ड किंवा पीआर घेतलं तर?

काहीही होत नाही. ते फक्त राहण्याचे परवाने आहेत. तीस वर्षं ग्रीन कार्डावर राहिलेला माणूसही भारतीय नागरिकच असतो.

शपथ झाली, डिसेंबरात घरात लग्न आहे आणि परदेशी पासपोर्ट अजून हातात आला नाही. भारतीय पासपोर्टवर येऊन गेलं तर?

नका येऊ. कळकळीने सांगते आहे. हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तिकिटं काढून झालेली असतात.

परदेशी नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट बाळगणं आणि त्यावर प्रवास करणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. "कोण बघतंय" म्हणून लोक येतात. पुढे पासपोर्ट सरेंडर करायला जातात तेव्हा नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर शपथेची तारीख असते आणि पासपोर्टवर विमानतळाचा शिक्का. दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की कुणालाही दिसतं. मग दंड, खुलासे, आणि ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसांना मिळणाऱ्या कायमच्या व्हिसासारख्या कार्डाचा) अर्ज रखडतो. आमच्याच नात्यातल्या एका मुलाचं असं झालं. आजोबांच्या वर्षश्राद्धाला आला होता, हेतूत काही खोट नव्हती. तरी पुढचे कित्येक महिने त्याचे कागद अडकून पडले.

यावर उपाय शपथेच्या आधीच करायचा असतो. शपथेची तारीख आणि मुंबईचं तिकीट यांत भरपूर अंतर ठेवा. आधी नवा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय. तेवढा वेळ नसेल तर नव्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा काढून या. भारतात जन्मलेल्या आपल्या माणसाने भारताचा व्हिसा मागायचा, हे पहिल्यांदा करताना मनाला लागतं. बहीण त्या दिवशी फोनवर रडली होती.

सरेंडर करणं म्हणजे काय करायचं?

जिथे राहता तिथल्या भारतीय दूतावासाकडे भारतीय पासपोर्ट आणि नव्या नागरिकत्वाचा पुरावा द्यायचा. ते पासपोर्ट रद्द करून परत देतात आणि सोबत सरेंडर सर्टिफिकेट देतात. ओसीआयच्या अर्जाला ते लागतं. त्याच्या दोन-तीन प्रती काढून एक मुंबईच्या घरीही ठेवा.

ओसीआय म्हणजेच दुहेरी नागरिकत्व, असं एजंट म्हणाला.

एजंट चुकीचं बोलला. नावात 'सिटिझन' हा शब्द आहे, त्याने हा घोळ झाला आहे. 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे नागरिकत्व नाही. कायमचा व्हिसा आणि वर काही हक्क, एवढंच ते आहे. ओसीआय असलेला माणूस भारताच्या कायद्यापुढे परदेशी नागरिकच असतो.

ही कल्पना आली कुठून, तेही सांगते. एल. एम. सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला आणि मर्यादित दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. वर्षभराने, पहिल्या प्रवासी भारतीय दिवसाला, पंतप्रधान वाजपेयींनी तशी घोषणा केली. ९ जानेवारी ही तारीख निवडली ती १९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतले म्हणून. ते उतरले आपल्या अपोलो बंदरावर. पण कायदा होईपर्यंत दुहेरी नागरिकत्वाचं ओसीआय झालं, आणि मतदानाचा हक्क त्यात आला नाही. नाव तेवढं मोठं राहिलं. माझ्या मते ते नावच बदलायला हवं. निम्मी फसगत त्यामुळे होते.

भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं जुनं पीआयओ कार्ड ९ जानेवारी २०१५ पासून ओसीआयमध्ये विलीन झालं आहे.

मग ओसीआयने मिळतं तरी काय?

आयुष्यभर कितीही वेळा यायचं, कितीही राहायचं, पोलिसांकडे किंवा एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) नोंदणी करायची नाही. नोकरी, धंदा करता येतो. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए यांना त्या त्या कायद्याच्या अटी पाळून व्यवसाय करता येतो. फ्लॅट, दुकान, ऑफिस विकत घेता येतं.

मतदान नाही, निवडणुकीला उभं राहणं नाही, सरकारी नोकरी सर्वसाधारणपणे नाही. शेतजमीन, फार्महाउस, मळा विकत घेता येत नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार, गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते.

शिक्षणाचा मुद्दा मोठा आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर नीट किंवा जेईईतून प्रवेश घेताना ओसीआय मुलांना एनआरआय कोट्यातल्या जागाच मिळतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला, पण तो त्या तारखेपूर्वी ओसीआय कार्ड मिळालेल्यांना. मुलांना घेऊन परत मुंबईत येण्याचा विचार असेल तर शाळेच्या चौकशीबरोबर हेही आधी बघा. दहावीनंतर कळून उपयोग नाही.

कोकणातली वडिलोपार्जित जमीन आहे. मुलीने परदेशी नागरिकत्व घेतलं तर तिचा हिस्सा बुडतो का?

नाही. वारसाहक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. ओसीआय असलेली मुलगी वडिलांच्या शेतजमिनीची वारस होऊ शकते, वारसनोंद करून तिचं नाव सातबाऱ्यावर लागू शकतं. तिला शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढंच. भावाने पुढे "तू आता परदेशी, तुझं नाव लावता येत नाही" असं म्हटलं, तर ते खरं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण असं सांगून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्याचं मी पाहिलं आहे. हक्क सोडायचा तर बहिणीने राजीखुशीने सोडावा. खोटं कारण सांगून नव्हे.

वारसाने आलेली शेतजमीन विकायची असेल तर ती भारतात राहणाऱ्यालाच विकता येते, आणि महाराष्ट्राच्या कूळकायद्यामुळे घेणारा शेतकरी असावा लागतो. एनए म्हणजे बिगरशेती झालेल्या प्लॉटला शेतजमिनीची अडचण येत नाही.

कामासाठी दर वेळी येता येत नाही, म्हणून मुखत्यारपत्र लागतं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथे अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) किंवा दूतावासात साक्षांकित करून पाठवायचं. भारत अपोस्टिलच्या करारात २००५ पासून आहे. कॅनडा मात्र जानेवारी २०२४ मध्ये आला. त्याआधी आम्हाला प्रत्येक कागद वकिलातीतून फिरवून आणावा लागला होता. कागद मुंबईत पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. कुरिअरचं पाकीट फेकू नका, कागद कधी आला याचा तोच पुरावा.

परदेशात जन्मलेल्या नातवाला भारतीय पासपोर्ट मिळेल का?

आईवडील भारतीय नागरिक असतील तर जन्मानंतर एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्मनोंद करून तो भारतीय नागरिक होऊ शकतो. त्या वेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. अमेरिकेत जन्मलेलं मूल जन्मानेच अमेरिकन असतं, आणि अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत येता-जाता अमेरिकन पासपोर्टच वापरावा असा तिथला कायदा आहे. त्यामुळे बहुतेक घरं सरळ अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय घेतात. मला तेच बरोबर वाटतं.

एक बारीक वाट मात्र कायद्यात आहे. वंशाने भारतीय असलेलं अल्पवयीन मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असू शकतं, हे कायदा गृहीत धरतो. अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्याने दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व जातं. म्हणजे दोन्ही असण्याची मुदत फार तर साडेअठरा वर्षं, तीही दुसरा पासपोर्ट न घेता.

आणि उलट झालं तर? दोघंही ओसीआय, पण बाळ दादरच्या हॉस्पिटलात जन्मलं?

तरी ते भारतीय नागरिक नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल भारतीय असायचं. त्यानंतर आईवडिलांपैकी एक तरी नागरिक असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरं पालक बेकायदेशीर स्थलांतरित नसावं ही अटही आली. आई भारतीय नागरिक आणि बाबा ओसीआय असेल तर बाळ भारतीय. दोघंही ओसीआय असतील तर महापालिकेचा जन्मदाखला मिळतो, नागरिकत्व नाही.

परदेशी सुनेला किंवा जावयाला ओसीआय मिळतं का?

मिळतं. लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. घटस्फोट झाला तर लग्नामुळे मिळालेलं ओसीआय जातं. अर्जदार स्वतः, त्याचे आईवडील, आजोबा-आजी किंवा पणजोबा-पणजी यांच्यापैकी कुणी कधी पाकिस्तानचे किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही.

आमचे आजोबा गोव्याचे. पोर्तुगालचं नागरिकत्व "आपलं आधीचंच" आहे म्हणतात, मग ते घेऊन भारतीयही राहता येईल?

गिरगावात आणि दादरला मूळ गोव्याची कितीतरी घरं आहेत, त्यामुळे हा प्रश्न येतोच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्व मागता येत आलं आहे. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्मनोंद झाली की पोर्तुगाल त्यांना आपलं मानतं. पण भारताच्या नियमांनुसार परदेशी पासपोर्ट घेतला की तो स्वेच्छेने नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारतीय नागरिकत्व संपलं. नुसती जन्मनोंद झाली आहे, पासपोर्ट घेतलेला नाही, अशांनी नागरिकत्वाचं काम करणारा वकील गाठावा. शेजारच्याने काय केलं त्यावर जाऊ नये. माहिती लपवून भारतीय पासपोर्ट वापरत राहिल्यामुळे अनेकांचे पासपोर्ट रद्द झाले. अशांना ओसीआयसाठी सरेंडर सर्टिफिकेटऐवजी पासपोर्ट रद्द झाल्याचं प्रमाणपत्र चालेल, अशी सवलत २०२४ मध्ये दिली गेली.

बेने इस्राएल घरांचं काय?

मशीद बंदरजवळचं शार हारहामीम सिनेगॉग १७९६ चं. रोहेकर, पेणकर अशी रायगडातल्या गावांची आडनावं लावणारी ही आपलीच मराठी माणसं. इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याने त्यांना तिथलं नागरिकत्व मिळतं, आणि इस्रायल जुना पासपोर्ट सोडायला लावत नाही. भारताचा नियम मात्र तोच. ते ओसीआय घेऊन येतात-जातात.

मतदार यादीतलं नाव, आधार, पॅन, बँक?

मतदार यादीतून नाव काढायचं. त्यासाठी अर्ज क्रमांक ७ असतो. नाव चुकून राहिलं तरी मत द्यायचं नाही. भारतीय पासपोर्टवरच परदेशात असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना अर्ज ६ए भरून नाव ठेवता येतं, फक्त मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं.

पॅन तेच राहतं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या ओसीआयधारकालाही ते काढता येतं. बँकेत नव्या पासपोर्टने केवायसी करायचं, आणि साधं बचत खातं अजून तसंच असेल तर ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यायचं.

अमेरिकेबद्दल एक वेगळी सूचना. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याला अमेरिकेचं कर विवरणपत्र भरावं लागतं. परदेशी खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर ती खातीही कळवावी लागतात. वयामुळे बाबांनी दादरच्या खात्यावर मुलाचं नाव जोडलेलं असतं. पैसे सगळे बाबांचे असतात, पण मुलाला ते खातं दाखवावंच लागतं.

मुंबईत कुठे जायचं?

परदेशी नागरिकांची आणि इथून केलेल्या ओसीआयची कामं एफआरआरओकडे. ते सीएसएमटीजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर आहे. पासपोर्टचं प्रादेशिक कार्यालय बीकेसीतल्या विदेश भवनात. अर्ज ऑनलाइन भरायचे असतात. इथून ओसीआय काढलं तर फी १५,००० रुपये, परदेशातून २७५ डॉलर. अर्जातलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा. लग्नानंतर बदललेलं आडनाव आणि वडिलांचं मधलं नाव, या दोन ठिकाणी मराठी माणसाचे अर्ज हमखास अडतात.

पासपोर्ट नवा झाला की ओसीआयही नवं काढायचं?

वयाची वीस वर्षं झाल्यावर पहिला नवा पासपोर्ट घेतला की एकदा. त्याआधी, विसाव्या वर्षापर्यंत, दर वेळी नवा पासपोर्ट आणि फोटो तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन चढवला की झालं. पन्नाशीनंतरही नवा पासपोर्ट मिळाला की एकदा हेच करायचं.

पुढे परत भारतीय होता येतं का?

येतं. ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली हवीत, अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहिलेलं हवं, आणि परदेशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. म्हातारपणी मुंबईत परतणारे बहुतेक लोक मात्र ओसीआयवरच राहतात, कारण मुलं-नातवंडं तिकडे असतात आणि तिकडे जायला व्हिसा लागू नये असं वाटतं.

रद्द झालेला भारतीय पासपोर्ट टाकून द्यायचा का?

अजिबात नाही. तुम्ही भारतीय नागरिक होतात याचा तो पुरावा आहे. तुमच्या मुलांना, नातवंडांना, आता पतवंडांनाही ओसीआय मागताना तो लागू शकतो. आमच्या बहिणीचा पासपोर्ट गिरगावच्या कपाटात एका पत्र्याच्या डब्यात आहे, तिच्या जन्मदाखल्याशेजारी. बाबांनी डब्यावर खडूने तिचं माहेरचं नाव लिहून ठेवलं आहे.